डोंगरावरचं घर कुणाचं? भाडेपट्टा, दलाल आणि सात-बाराचा इतिहास

मागच्या दिवाळीत उमरीला घरी होतो. माझा आत्येभाऊ, म्हणजे आमचा दादा, अमेरिकेतून आला होता. रात्री ओट्यावर बसलो असताना त्याने विषय काढला. "तू पाचगणीला सतत असतोस. तिकडं एखादं घर बघ की माझ्यासाठी. डोंगरात, थोडी जमीन असलेलं. आईच्या नावावरचं उमरीचं रान विकू अन् तिकडं घेऊ. एजंट लावू का तू बघतोस?"

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. पाचगणीला जातो ते रोपं मोजायला, घरं बघायला नाही. पण दादाला उत्तर द्यायचं म्हणून जे वाचायला घेतलं, त्याने माझ्या प्रबंधाचं एक प्रकरणच बदललं. संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रांसाठी आज तेच लिहितोय. एक साधा घरगुती प्रश्न संशोधनाचा प्रश्न कसा होतो, हे यातून दिसेल असं वाटतं.

आधी प्रश्न नीट मांडू

दादाचा प्रश्न होता, "घर कितीला मिळेल आणि एजंट लावू का?" हा बाजारातला प्रश्न झाला. इतिहासाचा प्रश्न तीन भागांत पडतो. जमीन कुणाकडून घेतली? कोणत्या हक्काने घेतली? आणि मध्ये कोण उभा होता? डोंगरावरचं कुठलंही घर घ्या, महाबळेश्वरचं असो की स्वित्झर्लंडचं, हे तीन प्रश्न विचारले की चित्र बरंच स्पष्ट होतं.

शिवाय "परदेशातल्या डोंगरात घर" हा प्रकार आपल्याला नवा वाटतो, पण महाराष्ट्राच्या डोंगरात तो दोनशे वर्षं जुना आहे. फक्त तेव्हा घर घेणारे परदेशी इथे येत होते. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे आपला सह्याद्री.

महाबळेश्वर: एका गावाच्या बदल्यात

१८२४ मध्ये पीटर लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला. त्याच्या नावाचा पॉइंट आजही आहे. पुस्तकांत याला "शोध" म्हणतात. पण पंचगंगेचं देऊळ तिथे कितीतरी आधीपासून होतं, खाली जावळीचं खोरं होतं, १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडलं हे तर शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तेव्हा शोध लागला तो थंड हवेचा आणि इंग्रजांना. जागा आधीच कुणाची तरी होती.

ती होती सातारच्या छत्रपतींच्या राज्यात. म्हणून मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला ती सरळ घेता आली नाही. १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी करार झाला. डोंगरावरची जागा कंपनीला आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा हे गाव महाराजांना. नव्या वस्तीला नाव पडलं माल्कमपेठ.

इथे जरा थांबून बघा. हा खरेदीचा व्यवहार आहे, पण विकणारा राजा आणि घेणारं सरकार. ज्यांची गुरं त्या पठारावर चरत होती, ज्यांची नाचणी त्या उतारावर पिकत होती, ते या कागदावर कुठेच नाहीत. आणि पुढे झालं काय? १८३९ मध्ये प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. १८४८ मध्ये सातारचं राज्यच खालसा झालं. म्हणजे वीस वर्षांच्या आत बदल्यात दिलेलं गावही देणाऱ्याकडेच परत गेलं.

वस्ती वाढली तसे नियम आले. या डोंगरात धावड नावाचा समाज दगडातून लोखंड गाळायचा. त्याला कोळसा लागायचा आणि कोळशाला लाकूड. उतारावर झाडोरा जाळून केली जाणारी कुमरी शेतीही होती. बंगल्यांभोवतीचं जंगल राखायचं ठरलं तशी या दोन्हींवर गदा आली. जंगल वाचलं हे खरं. ते कुणाच्या पोटावर पाय देऊन वाचलं, हेही तितकंच खरं. माझ्यासारख्या वनस्पतिशास्त्राच्या माणसाने दोन्ही वाक्यं एकत्र लिहायला शिकलं पाहिजे.

माथेरान: पाटील पुढे, कलेक्टर मागे

मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी मुक्कामाला होता. गावच्या पाटलाला सोबत घेऊन तो डोंगर चढला. जागा आवडली, आणि नंतर त्याने तिथे घर बांधलं. माथेरानच्या वस्तीची सुरुवात तिथून धरतात. डोंगरात ठाकूर, कातकरी, धनगर आधीपासून राहत होतेच.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे सापडतं. मध्ये कोण उभा होता? गावचा पाटील. वाट त्याला माहीत, पाणी कुठे आहे ते त्याला माहीत. आजच्या भाषेत तो पहिला एजंट, फक्त त्याला कमिशन मिळाल्याची नोंद नाही. एजंटचं मूळ काम हेच. बाहेरच्या माणसाला आतली माहिती पुरवायची. कायद्याने त्याला नाव, नोंदणी आणि टक्केवारी खूप नंतर दिली.

आणि दुसरा प्रश्न, कोणत्या हक्काने? माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी या तिन्ही ठिकाणी एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे भाडेपट्टा. बंगला बांधणाऱ्याचा, पण खालची जमीन सरकारची, ठरावीक वर्षांच्या कराराने दिलेली. आजही या गावांतले अनेक जुने बंगले अशा शासकीय पट्ट्यांवर उभे आहेत. जाहिरातीत "ब्रिटिशकालीन बंगला विकणे आहे" असं छापून येतं तेव्हा विकला जातो तो पुष्कळदा बंगला आणि पट्ट्याची उरलेली वर्षं. पायाखालची जमीन त्या किमतीत असेलच असं नाही.

पुढे १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळ-माथेरान छोटी रेल्वे आणली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनाही डोंगर जवळचा झाला. साहेबांची सवय हळूहळू आपली झाली. लोकमान्य टिळकांचा सिंहगडावरचा बंगला प्रसिद्ध आहे. साहेबाला हवा हवी होती, लोकमान्यांना लिहायला निवांतपणा. घर दोघांनीही डोंगरावरच शोधलं.

पाचगणी: माझ्या प्लॉटमधलं कोडं

पाचगणीची उभारणी जॉन चेसन या इंग्रजाने केली असं मानतात. त्याने बाहेरची अनेक झाडं आणून लावली. आज पाचगणीच्या रस्त्यांवर सगळीकडे दिसणारा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियातला.

माझं काम साधं आहे. सिल्व्हर ओकच्या सावलीत देशी झाडांची रोपं उगवतात का, किती टिकतात, हे बघायचं. पहिल्या वर्षी एक कोडं पडलं. शेजारशेजारचे दोन प्लॉट. जांभा दगड तोच, उतार तोच, पाऊस तोच. एकात जांभूळ, अंजनीची रोपं दाटलेली आणि दुसऱ्यात औषधालाही नाहीत. मी मातीचा सामू पुन्हा मोजला, प्रकाश पुन्हा मोजला. काही हाती लागेना.

सरांनी एकच प्रश्न विचारला, "जमीन कुणाची होती ते बघितलंस का?"

बघितली नव्हती. विज्ञानशाखेतल्या आपल्याला सवयच नसते. मग जुने फेरफार काढले. एक तुकडा कायम एका शेतकऱ्याच्या घरात राहिलेला. बांधावरची झाडं कुणी तोडली नव्हती. दुसरा तीनदा हात बदललेला, प्रत्येक नव्या मालकाने साफसफाई करून कुंपण घातलेलं. म्हणजे माझ्या आकडेवारीतला हरवलेला घटक मातीत नव्हता, तलाठ्याच्या दप्तरात होता. दोन प्लॉटवरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण तेव्हापासून प्रत्येक प्लॉटच्या तक्त्यात मी "मालकीचा इतिहास" हा रकाना घालतो.

उमरीहून बघितलं तर

आता नकाशा फिरवून आपल्या बाजूने बघू. १९४८ पर्यंत उमरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. महाबळेश्वर मुंबई इलाख्यात. म्हणजे आमच्या पणजोबांनी महाबळेश्वरला घर घ्यायचं म्हटलं असतं तर ते एका अर्थाने परदेशातलंच घर झालं असतं. राज्य वेगळं, स्टॅम्प वेगळा, नाणंही वेगळं. आपल्याकडे हाली सिक्का चालायचा. ब्रिटिश हद्दीतल्या सहा रुपयांसाठी साधारण सात हाली रुपये मोजावे लागत. नांदेडहून पुण्याकडे जाणाऱ्याला विनिमयाचा दर माहीत असावा लागे, जसा आज दादाला डॉलरचा असतो.

डोंगर निजामाकडेही होते. वऱ्हाडातलं चिखलदरा १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने "शोधलं" असं सांगतात. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात ते कायमच्या पट्ट्याने दिलं गेलं. म्हणजे भाडेपट्टा हा फक्त बंगल्याचा प्रकार नव्हता. अख्खा प्रांत पट्ट्यावर गेला होता. कागदावर मालक निजाम, वहिवाट इंग्रजांची.

उमरीचं नाव इतिहासात येतं ते ३० जानेवारी १९४८ मुळे. त्या दिवशी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून तो पैसा हैदराबाद मुक्तिलढ्याला दिला. आमच्याकडे ही गोष्ट प्रत्येक घरात सांगतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. परदेश संपला. पण कायद्यातल्या सीमारेषा पुसल्या गेल्या नाहीत.

एक राज्य, तीन कूळकायदे

संशोधन करणाऱ्यांनी हे पाठ करावं. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा. विदर्भात १९५८ चा. पाचगणीच्या जमिनीवर वाचलेलं कलम उमरीच्या जमिनीला जसंच्या तसं लावलं की चूक झालीच. मुंबई कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हैदराबादच्या कायद्यातही हस्तांतरणावर बंधनं आहेत, पण कलमं आणि कुळांचे प्रकार वेगळे.

कागदही वेगळे. मराठवाड्यात जुनी मालकी शोधताना १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि पहाणी पत्रक बघावं लागतं. साताऱ्यात ते मागितलं तर कारकून तुमच्याकडे बघत राहील. मी हा अनुभव उलट्या बाजूने घेतलाय, त्यामुळे हसू नका.

ही बंधनं आली कुठून? कसणाऱ्याच्या हातून जमीन सुटून पैसेवाल्याच्या हातात जाऊ नये, या विचारातून. १८२९ च्या करारात जो माणूस कागदावरच नव्हता, त्याला १९४८ नंतरच्या कायद्याने कागदावर आणलं. नांदेड जिल्ह्यात आपला डोंगर म्हणजे किनवट-माहूर. तिथे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला सहज घेता येत नाही, कारण १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आणि १९७४-७५ च्या दुरुस्त्यांमध्ये त्यासाठी वेगळी तरतूद आहे.

जगभर हेच दिसतं. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्याचं कलम ११८ बाहेरच्यांना आणि बिगर-शेतकऱ्यांना अडवतं. स्वित्झर्लंडने १९८३ च्या कायद्याने परदेशी खरेदीवर मर्यादा घातली आणि २०१२ च्या जनमतात गावातली दुय्यम घरं २० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असं ठरवलं. कारण एकच. सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढली की गावातल्या पोरांना गावात घर परवडत नाही.

एजंट लावू का?

पाटलापासून सुरू झालेला मध्यस्थ आज कुठे आहे? १९९६ मध्ये राज्याने खासगी गिरिस्थानांसाठी खास नियम केले आणि लवासासारखे प्रकल्प उभे राहिले. तिथे अख्खी कंपनीच मध्यस्थ. जमीन तिनेच गोळा केली, रस्ते तिनेच केले, घर तिनेच विकलं. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरासाठी पैसे भरलेली माणसं येणेकऱ्यांच्या रांगेत उभी राहिली.

रेरा कायदा २०१६ चा. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटला नोंदणी बंधनकारक झाली. चांगलंच झालं. पण गावच्या चौकात "अकरा गुंठ्याचा फार्महाऊस प्लॉट" दाखवणारा माणूस शेतजमीन दाखवत असतो, आणि ती प्रकल्पाच्या चौकटीत बसत नाही. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि महाबळेश्वर-पाचगणीत २००१ पासून, माथेरानात २००३ पासून लागू झालेलं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र. हे एजंट सांगेलच असं नाही.

तेव्हा एजंट असो वा नसो, कागद आपणच वाचायचे. क्रम असा: सात-बारा, त्यावरचा प्रत्येक फेरफार, इतर हक्कातल्या नोंदी, गाव नकाशा, दुय्यम निबंधकाकडचा किमान तीस वर्षांचा शोध. सात-बारावर "भोगवटादार वर्ग २" दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. आणि शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं. संशोधनातही माझा क्रम हाच असतो.

एक इशारा मात्र देतो. १८८५ चं सातारा गॅझेटियर माझ्या टेबलावर कायम असतं. त्यात बंगले, पाणी, पाऊस, झाडं, सगळं आहे. पण ते लिहिणारा सरकारी माणूस आहे. तो ज्याविषयी गप्प आहे तिथेच आपला प्रश्न असतो. गुरं चारणाऱ्याचं म्हणणं त्यात शोधून सापडत नाही. त्याच्यासाठी फेरफार, खटल्यांचे कागद आणि तोंडी आठवणी याच वाटा.

दादाला काय सांगितलं

दादाचा पेच वेगळाच निघाला. परकीय चलन कायद्यानुसार परदेशात राहणाऱ्या भारतीयाला इथे फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. वारशाने आलं तर ठेवता येतं.

म्हणजे बघा, आत्याचं उमरीचं काळं रान दादाकडे वारशाने आलं असतं तर ते त्याचं राहिलं असतं. ते विकून डोंगरात शेतजमीन घेऊ म्हटलं तर दार बंद. आणि एकदा विकलं की तो तिकडे राहतोय तोवर उमरीतही पुन्हा शेत विकत घेता येणार नाही. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. एका एजंटने तर "नावावर करायला तुमच्या मामेभावाला उभा करू" असा मार्ग सुचवला होता. तो मामेभाऊ म्हणजे मी. दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या जमिनीला बेनामी म्हणतात आणि त्यालाही कायदा आहे, एवढंच मी दादाला म्हटलं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग आत्या आतून म्हणाली, "मला तर कुणी विचारलंच नाही. रान माझं हाय." १८२९ च्या कागदात जे घडलं तेच आमच्या ओट्यावर घडत होतं. विकणारा आणि घेणारा बोलत होते, जमीन ज्याची तो आत भाकरी थापत होता.

रान विकलं नाही. या वर्षी त्यात सोयाबीन आहे. दादा पाचगणीला आला की भाड्याच्या खोलीत राहतो आणि माझ्या प्लॉटवर येऊन रोपं मोजायला मदत करतो. एकदा त्याने जांभळाचं रोप अंजनी म्हणून मोजलं, ती नोंद मला खोडावी लागली.

तुमच्या संशोधनाचा विषय माती असो, पाणी असो वा पक्षी, एकदा त्या जागेचा सात-बारा काढून बघा. मालकीचा रकाना तक्त्यात घाला. कदाचित काहीच निघणार नाही. कदाचित तुमचं हरवलेलं उत्तर तिथेच असेल. पुढच्या लेखात जुना फेरफार कसा वाचायचा आणि मोडीतली नोंद लागली तर काय करायचं, ते उदाहरणासह लिहितो.